समोरच्या गच्चीवरचं होर्डिंग: परवानगीचा कागद आणि जागेवरचा सांगाडा ताडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या हद्दीत, ९ मीटर रस्त्यावर बंगले आणि तीन-चार मजली सोसायट्यांची वस्ती आहे. समोरच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर अंदाजे २० बाय २० फुटांचं होर्डिंग उभं राहिलंय आणि रात्री त्याचे दिवे थेट झोपायच्या खोलीत येतात. क्षेत्रीय कार्यालयात तोंडी विचारल्यावर ‘परवानगी आहे, शिवाय जागा खासगी आहे’ असं उत्तर मिळालं. निवासी भागात असं होर्डिंग चालतं का, आणि काढायला लावायचं तर काय करायचं? वर एक धास्तीही आहे. घरी शिकवणी चालते, फाटकावर तिचा ३ बाय २ फुटांचा फलक आहे. तक्रार केली तर तो अंगाशी येईल का?

पहिल्या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. विकास आराखड्यात तुमची गल्ली निवासी विभागात असली, तरी रस्त्याची रुंदी, चौकापासूनचं अंतर, इमारतीचा वापर आणि त्या महापालिकेचं स्वतःचं धोरण यांवर बरंच ठरतं. म्हणून ‘हा निवासी भाग आहे, इथे जाहिरात नको’ एवढ्याच आधारावर दिलेला अर्ज सहसा ‘नियमानुसार परवानगी दिलेली आहे’ या एका ओळीच्या उत्तराने निकाली निघतो. अशा प्रकरणात मी आधी दुसरंच बघतो: परवानगी नेमकी कशाला दिली होती, आणि गच्चीवर उभं आहे ते तेच आहे का? मंजूर माप, मंजूर उंची, दिवे, मुदत, जागामालकाची संमती, इंजिनिअरचं प्रमाणपत्र या सहा बाबी कागदाशी ताडून बघितल्या तर बऱ्याच होर्डिंगांत कुठे ना कुठे फरक सापडतो. कारवाई त्या फरकावर होते.

‘खासगी जागा आहे’ हे उत्तर तर सोडूनच द्या. मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्यातलं कलम २४४ आकाशचिन्हांबद्दल (इमारतीवर उभारलेल्या फलकांबद्दल) आणि कलम २४५ जाहिरातींबद्दल आहे. मुंबईत हेच विषय १८८८च्या अधिनियमातल्या कलम ३२८ आणि ३२८अ मध्ये येतात. ही कलमं खासगी जमिनी आणि खासगी इमारतींना लागू आहेत. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह उभारता येत नाही, मग गच्ची कोणाच्याही मालकीची असो. त्याखाली राज्य सरकारचे २०२२चे नियम आहेत आणि त्याखाली प्रत्येक महापालिकेचं धोरण. तुमच्या कार्यालयात जो ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ आहे, तो या कलमांची अंमलबजावणी करतो. नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी मात्र ही कलमं उद्धृत करू नयेत. त्यांना १९६५चा अधिनियम लागू होतो, आणि चुकीच्या कायद्याचा हवाला दिलेला अर्ज परत पाठवायला कारणच मिळतं.

आकाशचिन्ह म्हणजे इमारतीवर खांब किंवा सांगाड्याच्या आधाराने उभा केलेला आणि रस्त्यावरून बघितल्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक. कठड्यावर पक्का बसवलेला, सलग पृष्ठभागाचा आणि कठड्यापासून तीन फुटांपेक्षा वर न जाणारा फलक या व्याख्येत येत नाही. २० फूट उंच फलकाला ही सूट मिळण्याचा प्रश्नच नाही. तो आकाशचिन्हच आहे, आणि हे तुमच्या बाजूचं आहे, कारण आकाशचिन्हाच्या परवानगीवर कायद्यानेच बंधनं घातली आहेत.

त्यातलं पहिलं बंधन मुदतीचं. एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी परवानगी देता येत नाही, नूतनीकरणालाही हीच मर्यादा आहे. बऱ्याच ठिकाणी मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली असते आणि ३१ मार्चला संपते. पुढच्या वर्षाचं शुल्क भरलं म्हणजे नूतनीकरण झालं, असं परवानाधारक समजून चालतो आणि कधी कधी कार्यालयही तसंच धरून चालतं. पैसे भरल्याची पावती म्हणजे परवानगी नव्हे, नूतनीकरणाचा सही-शिक्क्याचा आदेश लागतो.

दुसरं बंधन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते फार कमी लोक वापरतात. काही गोष्टी घडल्या की आकाशचिन्हाची परवानगी आपोआप रद्द ठरते, अशी कलमातच तरतूद आहे. फलकात भर घातली (शहर अभियंत्याच्या सांगण्यावरून मजबुतीसाठी केलेली भर सोडून), फलकात बदल केला, फलक किंवा त्याचा भाग अपघाताने किंवा जीर्ण होऊन पडला, इमारतीत असं काम झालं की ज्यामुळे फलक हलवावा लागतो, किंवा इमारत रिकामी झाली वा पाडली गेली, तर जुना कागद संपतो. म्हणजे २० बाय १०ची परवानगी घेऊन नंतर वर दहा फूट फ्रेम जोडली असेल, तर ती ‘थोडीशी वाढ’ उरत नाही. सगळीच परवानगी गेली. ‘वाढीव भाग काढून टाकू’ हे उत्तर तुम्ही मान्य करण्याची गरज नाही.

हे सगळं उपयोगी पडायचं तर कागद हातात हवा. आधी रस्त्यावरूनच बघा. होर्डिंगवर परवाना क्रमांक, मुदत आणि परवानाधारकाचं नाव दिसेल असं लिहिलेलं असावं लागतं. खालच्या कोपऱ्यात छोटी पाटी असते, काही ठिकाणी क्यूआर कोड असतो. पाटीच नसेल तर ती नाही हे दिसेल असा चारही कोपऱ्यांचा फोटो काढून ठेवा. पाटी असेल तर क्रमांक टिपून घ्या, पण तो क्रमांक याच जागेचा आहे असं गृहीत धरू नका. एका जागेचा क्रमांक दुसऱ्या जागेवर वापरलेला सापडतो.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे, शुल्क १० रुपये (कोर्ट फी स्टॅम्प चालतो). ‘परवानगी का दिली?’, ‘कारवाई का केली नाही?’ असे प्रश्न घालू नका. माहिती अधिकारात कागद मागायचे असतात, खुलासे नाहीत, आणि ‘का’ने सुरू होणारा प्रश्न त्याच कारणाने फेटाळला जातो. मजकूर असा ठेवा:

‘(इमारतीचे नाव, रस्ता, सिटी सर्व्हे नंबर) येथील गच्चीवरील जाहिरात फलकासंदर्भात पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: परवानगीपत्र, त्यातील अटी-शर्ती व शेवटच्या नूतनीकरणाचा आदेश, अर्जासोबतचा मंजूर नकाशा, त्यात फलकाचे माप व जमिनीपासूनची उंची, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थिरता प्रमाणपत्र व आकडेमोड, जागामालकाचे संमतीपत्र अथवा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र, स्थळपाहणी अहवाल, शुल्काच्या पावत्या. परवानगी दिलेली नसल्यास तसे लेखी कळवावे. तसेच संबंधित फाईलची पाहणी करू द्यावी.’

शेवटची दोन वाक्यं सोडू नका. ‘दिलेली नसल्यास तसे कळवावे’ असं लिहिल्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ या उत्तरालाही वजन येतं, कारण ते परवानगी नसल्याचं पत्र म्हणून पुढे जोडता येतं. आणि फाईलची पाहणी मागितली की झेरॉक्समध्ये न येणाऱ्या गोष्टी दिसतात, म्हणजे टिपणीवरचे शेरे, निरीक्षकाने आधी नोंदवलेली हरकत, किंवा पाहणीची तारीख परवानगीच्या तारखेनंतरची असणं.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, शुल्क २० रुपये. ‘ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे’ हा नेहमीचा नकार आहे. त्यावर अपिलात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख)मधलं उपकलम १३ दाखवा. दिलेल्या सवलती, परवाने आणि अधिकारपत्रं कोणाला दिली याचा तपशील प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. जो तपशील न मागता जाहीर करायचा, तो मागितल्यावर त्रयस्थाचा म्हणून अडवता येत नाही.

उत्तराची वाट बघत असताना मोजमाप करून ठेवा. गच्चीवर जायची गरज नाही आणि परवानगीशिवाय जाऊही नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल. निवासी इमारतीचा एक मजला स्लॅबपासून स्लॅबपर्यंत साधारण २.९ ते ३ मीटर असतो. समोरून, शक्य तितक्या लांबून आणि कॅमेरा कलू न देता फोटो काढा. फोटोत एका मजल्याची उंची पट्टीने मोजा, मग फलकाची मोजा. फलक दोन मजल्यांएवढा दिसत असेल तर तो जवळपास २० फूट आहे. आणखी एक खूण म्हणजे मागची फ्रेम. मागून फोटो मिळाला तर जोडलेला भाग ओळखू येतो. जुन्या अँगलचा रंग उडालेला असतो आणि वरच्या भागाचा ताजा, जोडावर वेल्डिंगचे डाग वेगळे दिसतात, कधी वरचे अँगल खालच्यांपेक्षा बारीकही असतात. हा फोटो जवळून, स्पष्ट हवा, कारण ‘फलकात भर घातली’ हे सांगणारा याहून चांगला पुरावा नसतो. तारीख आणि जागा उमटवणारं कॅमेरा ॲप वापरा. एकाच ठिकाणी उभं राहून दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे फोटो महिनाभर ठरावीक अंतराने काढत राहा. पाठपोट दोन जाहिराती असतील तर दोन्ही बाजूंचे काढा, कारण परवानगी एका बाजूची आणि जाहिरात दोन्ही बाजूंना, हा फरकही वरचेवर निघतो.

फाईलमधल्या स्थिरता प्रमाणपत्रावर जरा जास्त वेळ घालवा. ते बघायला इंजिनिअर असण्याची गरज नाही, चार गोष्टी जुळतात का एवढंच बघायचं: पत्ता हाच आहे का, माप उभ्या असलेल्या फलकाचं आहे का, तारीख चालू मुदतीतली आहे का, आणि त्यात फक्त सांगाड्याचा विचार आहे की खालच्या इमारतीचाही. चौथी गोष्ट गच्चीवरच्या फलकांत नेहमी सुटलेली असते. फ्रेम कितीही मजबूत असली तरी तिच्यावरचा सगळा जोर शेवटी स्लॅब, तुळई आणि कॉलमवर येतो, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेली इमारत त्या जोरासाठी आखलेली नसते.

हा जोर किती असतो याचा अंदाज असू द्या. भारतीय मानक ८७५चा तिसरा भाग वाऱ्याच्या भाराबद्दल आहे. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरतात. दाबाचं सूत्र सोपं आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ३९ मीटरला हा दाब साधारण ९१० येतो. २० बाय २० फुटांचा फलक म्हणजे ३७ चौरस मीटर. म्हणजे उंचीचे आणि आकाराचे गुणक लावण्याआधीच आडवा जोर जवळपास साडेतीन टनांचा झाला. हाच फलक २० बाय १० असता तर निम्मा. पण उलथवण्याचा हिशेब वेगळा असतो. फलक गच्चीलगत सुरू होत असेल आणि त्याची उंची दहावरून वीस फूट केली, तर जोर दुप्पट होतो आणि तो पायापासून दुप्पट उंचीवर लागतो, म्हणून पायाशी उलथवणारा ताण चौपट होतो. वर दहा फूट जोडणाऱ्याने पायाचे बोल्ट बदललेले नसतात. ‘थोडी वाढवली’ हे म्हणणं म्हणूनच इतकं धोक्याचं आहे. वाऱ्यासाठी फ्लेक्सला भोकं पाडली की झालं, हा समजही सोडा. चार-सहा फटींनी जोरात फारसा फरक पडत नाही.

कुठे बिघडतं ते बघायचं तर फ्रेमच्या पायाची लोखंडी पट्टी बघा. शेजारच्या उंच इमारतीतून दुर्बिणीने किंवा मोबाईलच्या झूमनेही दिसते. पट्टीभोवती पावसाचं पाणी साचतं, तिथेच गंज सुटतो, पापुद्रे निघतात आणि बोल्टचा वरचा नट बारीक होत जातो. चारपैकी एखाद्या बोल्टला नटच नसतो. तारेचे ताण कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या भिंतीला बांधलेले असतील तर ते गंभीर आहे, कारण साडेचार इंची विटांचा कठडा असा ओढा घेण्यासाठी बांधलेला नसतो. स्लॅबमध्ये बोल्टसाठी भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि वरच्या मजल्यावरच्या घरात गळती सुरू होते. त्या घरातलं कुटुंब या प्रकरणात तुमचं सगळ्यात मोलाचं साथीदार आहे, त्यांच्याशी आधी बोला.

धोका दिसत असेल तर वेगळा अर्ज करा, परवानगीच्या तक्रारीत तो मिसळू नका. पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामासाठी १९४९च्या अधिनियमात कलम २६४ आहे. हा अर्ज बांधकाम विभागाकडे जातो, परवाना विभागाकडे नाही, आणि त्यावर तातडीने पाहणी अपेक्षित असते. पावसाळ्याआधी किंवा वादळाचा इशारा असताना एक अंतरिम मागणी जरूर करा: निर्णय होईपर्यंत फ्लेक्स उतरवून फक्त सांगाडा ठेवावा. फ्लेक्स उतरवला की वाऱ्याला अडणारं क्षेत्र खूपच कमी होतं. काम तासाभराचं आहे आणि त्यात कोणाच्याही हक्काला बाधा येत नाही, त्यामुळे अधिकारीही तसा आदेश द्यायला कचरत नाहीत. महापालिकेने काहीच केलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३च्या कलम १५२खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार कोणाकडे आहेत ते वकिलाकडून खात्री करून घ्या.

हा भाग एवढा लांबवण्याचं कारण उघड आहे. ५ ऑक्टोबर २०१८ला पुण्यात जुना बाजार चौकात होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याजवळ पाच. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर पडलेल्या होर्डिंगखाली सतरा. घाटकोपरचं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबईत कमाल मर्यादा ४० बाय ४०ची, म्हणजे क्षेत्रफळ मर्यादेच्या नऊ पट. ते रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होतं आणि महापालिकेची परवानगी नव्हती. जागा कोणाची या वादात फलक किती मोठा आहे हा प्रश्न मागे पडला, आणि माणसं जीवानिशी गेली.

कागद आणि फोटो हातात आले की मुख्य अर्ज लिहा. तो क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत आकाशचिन्ह विभागाच्या उपायुक्तांना. विषयाच्या ओळीत ‘अनधिकृत’ हा शब्द, परवानगी नसल्याचं लेखी उत्तर मिळालं असेल तरच वापरा. परवानगी असेल तर ‘परवानगीच्या अटींचा भंग व परवानगी रद्द ठरल्याबाबत’ असं लिहा. कारण अनधिकृत म्हटलं की परवानगीपत्राची झेरॉक्स जोडून तक्रार बंद करता येते. मजकुरात दोन रकाने करा, मंजूर काय आणि प्रत्यक्षात काय, आणि प्रत्येक ओळीपुढे फोटोचा क्रमांक द्या. पान-दीड पानाच्या पुढे जाऊ नका. त्रास, विद्रूपता, गल्लीची शोभा याबद्दल एक परिच्छेद पुरे, तोही शेवटी. आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी किंवा फक्त व्हॉट्सॲपवर केलेली तक्रार पुढच्या टप्प्यात दाखवता येत नाही.

मागणी नेमकी करा: ‘सांगाडा पायाच्या पट्टीसह काढून टाकावा.’ नुसतं ‘फलकावर कारवाई करावी’ लिहिलं तर पथक येतं, फ्लेक्स फाडतं, फोटो काढतं, आणि कारवाई झाल्याची नोंद होते. आठवडाभरात त्याच सांगाड्यावर नवा फ्लेक्स चढतो आणि तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कलम २४४खाली आयुक्त इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला काढून टाकण्याची नोटीस देऊ शकतात, म्हणून नोटीस फक्त जाहिरात कंपनीला नव्हे, इमारतमालकालाही द्यावी असं अर्जातच म्हणा. कंपनीचा पत्ता बदलतो, कागदावरची कंपनी एक आणि प्रत्यक्ष चालवणारी दुसरी असते. इमारतमालक मात्र हलत नाही.

समोरची इमारत सोसायटीची असेल तर आणखी एक बाजू तपासा. गच्ची ही सामाईक जागा, ती भाड्याने द्यायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. अध्यक्ष-सचिवांच्या सहीचं संमतीपत्र पुरेसं नाही. बिल्डरने अभिहस्तांतरणाआधी (मालकी सोसायटीच्या नावे करून देण्याआधी) केलेला करार दाखवून होर्डिंग चालू ठेवलेलं असतं, तिथे तर त्या सोसायटीच्या सभासदांनाच ते नको असतं. बाहेरच्या संस्थेकडून येणारं हे भाडं सभासदांच्या वर्गणीसारखं करमुक्त नसतं, ही गोष्टही अनेक समित्यांच्या लक्षात नसते. सभासदांपैकी एकाने जरी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे ठरावाची प्रत मागितली तरी ठराव झालाच नव्हता हे बाहेर येतं, आणि संमतीच नाही म्हणून परवानगीचा पाया निघून जातो.

दिव्यांचं वेगळं सांगतो. विनादिव्याचा आणि प्रकाशित फलक या परवानगीच्या दोन वेगळ्या श्रेणी असतात, शुल्कही वेगळं. परवानगीपत्रात कोणती श्रेणी आहे ते आधी बघा. साध्या फलकाच्या परवानगीवर दिवे लावले असतील तर तो सरळ अटीचा भंग. प्रकाशित फलकाची परवानगी असली तर हटवण्यासाठी हा मुद्दा अपुरा पडतो, पण त्रास कमी करून घेता येतो, आणि तेवढ्यासाठी जाहिरात कंपनीही तयार होते. तीन गोष्टी लेखी मागा: दिवे खालून वर न मारता वरच्या कडेवरून खाली झुकलेले हवेत, बाजूला झडपा हव्यात, आणि रात्री ठरलेल्या वेळी टायमरने बंद व्हावेत. रात्रीचे फोटो काढताना मोबाईलचा एक्स्पोजर लॉक करा आणि त्याच सेटिंगवर दिवे चालू असतानाचा व बंद असतानाचा असे दोन्ही काढा. नाहीतर कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो-कमी करतो आणि फोटो काहीच सिद्ध करत नाही. चलचित्र दाखवणारा एलईडी पडदा असेल तर वाहतूक पोलिसांनाही प्रत द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ४६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत चौकापासून १०० मीटरच्या आत जाहिरात फलक नको म्हटलंय, शहरी भागात हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करता येतं. वाहतूक चिन्हापासूनही ५० मीटर सोडायचे आहेत. तुमच्या गल्लीच्या तोंडापासूनचं अंतर टेपने मोजून लिहा.

फलक दिसावा म्हणून समोरच्या झाडाच्या फांद्या छाटल्या असतील तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. १९७५च्या झाडांच्या संरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही तोडण्यातच मोडतं. त्याचा अर्ज उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे.

वाढदिवस आणि सणांचे फ्लेक्स हा निराळा प्रकार, त्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. तिथे महाराष्ट्र मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ लागतो, ज्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ला दिलेल्या निकालानंतर महापालिकांना तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक आणि प्रभागनिहाय नोडल अधिकारी नेमावे लागले. तुमच्या प्रभागाचा नोडल अधिकारी कोण हे विचारून ठेवा, गच्चीवरच्या होर्डिंगच्या पाठपुराव्यालाही त्याचा उपयोग होतो.

अर्जाला उत्तर आलं नाही तर आयुक्तांना स्मरणपत्र, सोबत ‘आपले सरकार’ पोर्टलवर नोंद, आणि त्याच वेळी दुसरा माहिती अधिकार अर्ज: ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.’ या दुसऱ्या अर्जाने फाईल हलते, कारण कार्यवाही नसेल तर ते कोणाला तरी सही करून लिहावं लागतं. महापालिकेने नोटीस काढल्याचं कळलं की वकिलाकडून दिवाणी न्यायालयात कॅव्हेट (आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशी आगाऊ सूचना) दाखल करायचा विचार करा. नोटीस मिळताच परवानाधारक ‘जैसे थे’ आदेशासाठी धावतो, आणि तुम्ही तिथे नसाल तर तो आदेश तुमच्या अपरोक्ष होतो. कॅव्हेट ९० दिवस चालतं. ते स्वीकारलं जाईल का हे तुमचा त्या जागेशी काय संबंध दाखवता येतो यावर अवलंबून आहे, म्हणून वरच्या मजल्यावरचा गळतीने बेजार झालेला सभासद सोबत असेल तर बाजू भक्कम होते.

आता तुमच्या फाटकावरच्या फलकाचं. कलम २४५मध्ये काही फलकांना परवानगीतून सूट आहे: त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाचा फलक, ती जागा विकणे-भाड्याने देणे याची पाटी, जागेचं किंवा मालक-भोगवटादाराचं नाव. अट दोनच, फलक प्रकाशित नसावा आणि आकाशचिन्ह नसावा. फाटकावरचा ३ बाय २चा साधा पत्रा या सुटीत बसतो. त्याच्यावर ट्यूबलाइट किंवा एलईडी पट्टी लावली असेल तर ती काढा, कारण दिवा लागला की सूट संपते. नावाच्या पाटीचं कमाल माप महापालिकेच्या धोरणात ठरवलेलं असतं, ते परवाना विभागात विचारून लेखी घ्या. फलक फाटकाच्या किंवा भिंतीच्या रेषेत हवा, रस्त्यावर किंवा पदपथावर बाहेर आलेला नको. घरातून शिकवणी चालवायची मुभा हा बांधकाम नियमावलीचा वेगळा विषय आहे, फलकाच्या तक्रारीने तो आपोआप उघडत नाही. मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला किंवा झाडाला शिकवणीची बाण दाखवणारी पाटी बांधली असेल, तर तिला कुठलीच सूट नाही. ती पाटी उतरवा, खिळे काढा, आणि मग क्षेत्रीय कार्यालयात पहिला अर्ज द्या.